वाक्प्रचार आणि तटस्थ क्रियापद

वाक्प्रचार आणि तटस्थ क्रियापद यांतील निवड हा शैलीविचार, समाजभाषाविज्ञान आणि भाषांतर या तिन्ही क्षेत्रांतील एक विषय आहे. एकच क्रिया सांगण्यासाठी भाषेत बहुधा एकाहून अधिक पर्याय असतात. त्यांपैकी काही बोलण्यातले, रंग चढवलेले व वक्त्याचा भाव प्रकट करणारे असतात, तर काही केवळ क्रियेची नोंद करणारे असतात. पहिल्या प्रकारात वाक्प्रचार व बोलीतील शब्दप्रयोग येतात. दुसऱ्या प्रकाराला तटस्थ क्रियापद म्हणतात. 'फसवणूक करणे' हे तटस्थ आहे. 'टोपी घालणे', 'चुना लावणे', 'तोंडाला पाने पुसणे' हे वाक्प्रचार आहेत.

या निवडीची चर्चा प्रामुख्याने इंग्रजीच्या संदर्भात होते, कारण त्या भाषेत बोलीतील जोडक्रियापदे आणि लेखी व्यवहारातील क्रियापदे यांचे दोन ठळक थर आहेत. मराठीतही असे थर आहेत. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या बोलीतील शब्द, शासकीय मराठी आणि इंग्रजी वृत्तांकन हे तिन्ही थर एकाच वास्तवाचे वर्णन करताना समोरासमोर आले. त्यामुळे हा प्रश्न केवळ शैलीपुरता मर्यादित नसून नोंदीच्या अचूकतेशी निगडित असल्याचे तेथे स्पष्टपणे दिसते.

## संकल्पना

वाक्प्रचार म्हणजे मूळ शब्दार्थाहून भिन्न अर्थाने रूढ झालेला शब्दसमूह. त्यातील शब्द सुटे करून अर्थ लागत नाही. 'धूम ठोकणे' यात ठोकण्याची क्रिया नाही आणि 'पोबारा करणे' हे म्हणताना आज कोणाच्याही मनात सोंगट्यांच्या खेळातील दान नसते. मराठीतील अशा प्रयोगांचा मोठा संग्रह यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेल्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' या ग्रंथात आहे.

तटस्थ क्रियापद म्हणजे ज्याच्या वापरावरून वक्त्याची आवडनिवड, थट्टा, आदर वा तिरस्कार समजत नाही असे क्रियापद. तटस्थता ही औपचारिकतेहून वेगळी आहे. 'महानिर्वाण होणे' हे औपचारिक आहे, पण तटस्थ नाही. त्यात आदर आहे. 'मृत्यू होणे' हे औपचारिक व तटस्थ दोन्ही आहे. 'गचकणे' आणि 'खपणे' ही एकेकच क्रियापदे आहेत, तरीही ती तटस्थ नाहीत. म्हणून एखादा प्रयोग किती शब्दांचा आहे यावरून त्याचा स्तर ठरत नाही.

पर्यायांचे स्थूलमानाने चार प्रकार केले जातात:

* '''तटस्थ :''' मृत्यू होणे, पळून जाणे, फसवणूक करणे.
* '''आदरार्थी :''' निधन होणे, कैलासवासी होणे, देवाज्ञा होणे.
* '''सौम्योक्ती :''' जाणे, सोडून जाणे, डोळे मिटणे.
* '''अनौपचारिक किंवा हीनार्थी :''' गचकणे, खपणे, राम म्हणणे.

हे प्रकार स्थिर नसतात. 'पाळी' या शब्दाचा मूळ अर्थ क्रमाने येणारी वेळ असा आहे. 'कावळा शिवणे', 'बाहेरची होणे', 'अडचण असणे' अशा आडवळणाच्या प्रयोगांप्रमाणे 'पाळी येणे' हाही एके काळी सूचक प्रयोग होता. आज मात्र 'मासिक पाळी येणे' हेच शाळेच्या पाठ्यपुस्तकातले आणि दवाखान्यातले तटस्थ रूप आहे. कालचा सूचक प्रयोग अशा रीतीने आजचे तटस्थ क्रियापद होऊ शकतो.

## इंग्रजीतील स्थिती

इंग्रजीत हे थर निर्माण होण्यास ऐतिहासिक कारण आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभाराच्या व न्यायदानाच्या व्यवहारात फ्रेंच आली. विद्या व धर्म यांच्या व्यवहारात लॅटिन होतीच. घराघरांत मात्र जुनी जर्मानिक इंग्रजी टिकली. परिणामी एकाच अर्थाची तीन-तीन क्रियापदे भाषेत राहिली. 'विचारणे' या अर्थी 'आस्क' हे घरगुती, 'क्वेश्चन' हे फ्रेंचमार्गे आलेले आणि 'इंटरॉगेट' हे लॅटिन वळणाचे आहे. यातील शेवटचे पोलीस तपासात शोभते, जेवणाच्या पंगतीत नाही.

जोडक्रियापदे हा इंग्रजीचा दुसरा विशेष होय. साध्या क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' यांसारखे अव्यय जोडून नवा अर्थ साधला जातो. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. लेखी व्यवहारात त्याऐवजी 'पोस्टपोन' येते. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. त्याचा लेखी पर्याय 'टॉलरेट' आहे. 'लुक इन्टू' ऐवजी 'इन्व्हेस्टिगेट' हे त्याच जातीचे उदाहरण.

तथापि सर्व जोडक्रियापदे अनौपचारिक असतात हा समज चुकीचा आहे. 'कॅरी आउट' हे संशोधन निबंधातही सर्रास येते. दुसऱ्या बाजूने, लांब लॅटिन शब्द नेहमीच अचूक असतो असेही नाही. जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील निबंधात फुगवलेल्या शब्दांवर टीका केली. असे शब्द वास्तव झाकतात, असे त्याचे प्रतिपादन होते. अर्नेस्ट गॉवर्स याने १९४८ मध्ये ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहून साध्या क्रियापदांचा पुरस्कार केला.

मृत्यूच्या बातमीत 'पास अवे' न लिहिता 'डाय' लिहावे, असा दंडक अनेक इंग्रजी वृत्तसंस्था पाळतात. 'पास अवे' ही सौम्योक्ती आहे, तर 'किक द बकेट' हा थट्टेचा वाक्प्रचार आहे. तटस्थ एकटे 'डाय'. भारतीय इंग्रजीत या यादीत 'एक्सपायर होणे' याची भर पडली असून रुग्णालयांत ते तटस्थ मानले जाते. भारतात 'पास आउट' म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणे. ब्रिटन व अमेरिकेतील रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो. वाक्प्रचाराचा अर्थ प्रदेशानुसार बदलतो, त्यामुळे दूरच्या वाचकासाठी लिहिताना तटस्थ क्रियापद अधिक सुरक्षित ठरते.

## मराठीतील स्थिती

मराठीत देशी, फारसी-अरबीमूलक आणि संस्कृत असे तीन थर आढळतात. परंतु इंग्रजीप्रमाणे त्यांची उतरंड सरळ नाही. 'सुरू करणे' हे अरबी-फारसीतून आलेले रूप सर्वत्र तटस्थ आहे, तर 'आरंभ करणे' हे संस्कृत रूप ग्रांथिक वाटते. 'फरार होणे', 'जप्त करणे', 'हजर करणे' ही परकीय मूळ असलेली क्रियापदे आजही पोलीस व न्यायालयीन मराठीतील प्रमाण रूपे आहेत. मराठवाड्यात या थराला आणखी एक कारण आहे. बीडसह हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर शासकीय मराठीच्या परिभाषेचे काम भाषा संचालनालयाकडे आले, तर महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. शासकीय परिभाषेचा कल संस्कृत शब्दांकडे राहिला.

वृत्तपत्रांच्या भाषेत काही वाक्प्रचारांनी तटस्थ क्रियापदांची जागा घेतली आहे. आर्थिक फसवणुकीच्या बातमीत 'गंडा घालणे' इतके रूढ आहे की त्यातील उपहास आता जाणवत नाही. साखर कारखान्यांच्या बातम्यांत गाळप सुरू झाल्यास 'धुराडे पेटले' आणि हंगाम संपल्यास 'पट्टा पडला' असे लिहिले जाते.

## दासोपंत आणि 'घट'

सामान्य शब्द आणि नेमका देशी शब्द यांतील निवडीचा विचार बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे सोळाव्या-सतराव्या शतकात झालेला आढळतो. आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी असलेल्या या गावात संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांचे वास्तव्य होते. कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. भगवद्गीतेवरील 'गीतार्णव' या आपल्या विस्तृत ग्रंथात त्यांनी मराठीचा कैवार घेताना भांड्यांचे उदाहरण दिले. संस्कृतात 'घट' म्हटले की एकच शब्द हाती येतो, मराठीत मात्र डेरा, रांजण, सुगड अशी प्रत्येक भांड्याला निराळी नावे आहेत. तेव्हा केवळ 'घट' म्हटल्याने नेमके कोणते भांडे हवे ते कसे कळावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे.

दासोपंतांचे उदाहरण नामांचे असले तरी ते क्रियापदांनाही लागू पडते. प्रतिष्ठित शब्द अधिक अचूक असतो, हे गृहीतक त्यातून खोडले जाते. व्यवसायातील माणसांचा शब्द अनेकदा अधिक सूक्ष्म असतो.

## बीड जिल्ह्यातील ऊसतोडीची भाषा

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या कामाची स्वतंत्र शब्दसंपदा आहे. तिचे शासकीय मराठीत किंवा इंग्रजीत रूपांतर करताना अर्थ कधी गळतो, तर कधी नवा अर्थ चिकटतो.

'''तोडीला जाणे :''' अहवालांत याला 'हंगामी स्थलांतर करणे' म्हणतात. तटस्थ रूपात कामाचा प्रकार सांगितला जात नाही. बोलीतील रूपात तो आहे.

'''उचल घेणे :''' हंगामापूर्वी मुकादमाकडून एकरकमी पैसे घेणे. त्याचा तटस्थ पर्याय 'आगाऊ रक्कम घेणे' किंवा इंग्रजीत 'अ‍ॅडव्हान्स' असा होतो. नोकरदार वाचकाला 'आगाऊ रक्कम' म्हणजे पगारातून वळती होणारी सोय वाटते. उचलीत मात्र ती फिटेपर्यंत काम करण्याचे बंधन अभिप्रेत असते आणि हंगामाअखेर बाकी राहिल्यास ती पुढील वर्षावर चढते. वेठबिगारी नष्ट करणाऱ्या १९७६ च्या केंद्रीय कायद्यात 'अ‍ॅडव्हान्स' या शब्दाची स्वतंत्र व्याख्या आहे, कारण त्या रकमेच्या मोबदल्यात लादलेले श्रम हाच त्या कायद्याचा एक मुख्य विषय आहे. वरवर निरुपद्रवी दिसणारा तटस्थ शब्द कायद्यात वजनदार संज्ञा असू शकतो, याचे हे उदाहरण होय.

'''कोयता :''' मूळ अर्थ ऊस तोडण्याचे हत्यार. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे सहसा पती-पत्नीची जोडी आणि 'अर्धा कोयता' म्हणजे एकटा मजूर. उचल व हिशेब कोयत्यावर ठरतो. त्यामुळे स्त्रीचे श्रम जोडीच्या हिशेबात मोजले जातात, पण तिची स्वतंत्र मजूर म्हणून नोंद होत नाही. याच शब्दावरून 'कोयता बंद' हा संपाचा वाचक प्रयोग झाला. 'संप करणे' हे तटस्थ क्रियापद कोणत्याही उद्योगाला लागू पडते. 'कोयता बंद' केवळ ऊसतोड कामगारांच्याच संपाला.

'''खाडा पडणे :''' कामावर न जाणे. 'गैरहजर राहणे' हा त्याचा तटस्थ पर्याय. ऊसतोडीत 'खाडा' या शब्दात गैरहजेरी आणि तिच्याबद्दल कापली जाणारी रक्कम असे दोन्ही अर्थ येतात. 'गैरहजर राहिली' या वाक्यात दंडाचा अर्थ उरत नाही.

## 'पिशवी काढणे'

बोलीतील प्रयोग आणि तटस्थ क्रियापद यांतील अंतराचे सर्वांत गंभीर उदाहरण आरोग्याच्या क्षेत्रात आढळते. गर्भाशयाला मराठी बोलण्यात 'गर्भपिशवी' किंवा नुसते 'पिशवी' म्हणतात आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला 'पिशवी काढणे'. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. मासिक पाळी व तिच्या तक्रारींमुळे पडणारा खाडा, तोडीच्या ठिकाणी पाणी व स्वच्छतागृहांचा अभाव, लवकर झालेली लग्ने व बाळंतपणे आणि कर्करोगाची दाखवलेली भीती ही कारणे त्या चर्चेत पुढे आली. राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळले. म्हणजे सुमारे दर सहा स्त्रियांमागे एक. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली.

'पिशवी काढणे' या प्रयोगाचे भाषिक विश्लेषण तीन अंगांनी करता येते.

'''शस्त्रक्रियेचे गांभीर्य.''' पिशवी ही रोजच्या वापरातली, रिकामी झाल्यावर टाकून देण्याजोगी वस्तू आहे. मुले झाल्यावर पिशवीचे काम संपले, ही कल्पना या शब्दात सहज बसते. 'गर्भाशय' या शब्दात ती तितकी सहज बसत नाही.

'''वैद्यकीय संदिग्धता.''' गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले की नाही, हे 'पिशवी काढली' यावरून कळत नाही. वैद्यकीय दृष्ट्या हा फरक महत्त्वाचा आहे. दोन्ही बीजांडकोश काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. 'ऑपरेशन झाले' हा प्रयोग तर याहून संदिग्ध आहे, कारण कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही तेच म्हणतात. म्हणून आरोग्यविषयक नोंदीत आणि संमतिपत्रात अवयवाचे व शस्त्रक्रियेचे स्वतंत्र नाव आवश्यक ठरते.

'''कर्ता.''' मराठीतील संयुक्त क्रियापदे कर्त्याची इच्छा दर्शवतात. 'पिशवी काढून घेतली' यात निर्णय स्त्रीचा वाटतो. 'पिशवी काढून टाकली' यात नको असलेल्या वस्तूची विल्हेवाट सूचित होते. 'पिशवी काढायला लावली' यात दुसऱ्याचा दबाव आहे. 'गर्भाशय काढण्यात आले' हे शासकीय मराठीचे कर्मणी रूप आहे. ते औपचारिक असले तरी कोणी काढले व कोणाच्या सांगण्यावरून काढले, हे त्यातून निघत नाही. काही इंग्रजी मथळ्यांत क्रियापदाचा कर्ता स्त्रियाच होत्या, त्यामुळे त्यांनी स्वतःहून गर्भाशय काढले असा अर्थ ध्वनित झाला. काही मथळ्यांनी 'गर्भाशय नसलेल्या स्त्रिया' अशी रचना करून क्रियापदच टाळले. त्यात घटना जाऊन केवळ अवस्था उरली.

यावरून असे दिसते की बोलीतील प्रयोग शस्त्रक्रियेचे स्वरूप झाकू शकतो आणि तटस्थ क्रियापद जबाबदारी झाकू शकते. 'काढून घेतली' आणि 'काढायला लावली' यांतील फरक स्त्रीच्या स्वतःच्या शब्दांतच टिकतो. कोणता अवयव काढला, हे मात्र वैद्यकीय संज्ञेनेच कळते.

## भाषांतर आणि नोंदीतील निकष

निवड करताना सामान्यतः पुढील बाबी विचारात घेतल्या जातात:

* '''वाचक :''' वाक्प्रचार त्याच प्रदेशातील वाचकाला कळतो. दूरच्या वाचकासाठी 'पट्टा पडला' ऐवजी 'गाळप हंगाम संपला' असे लिहावे लागते.
* '''प्रयोजन :''' पंचनामा, वैद्यकीय नोंद, विश्वकोशीय लेख यांत तटस्थ क्रियापदाला प्राधान्य असते. कथा, संवाद व भाषण यांत वाक्प्रचाराला.
* '''अवतरण :''' जबाब किंवा मुलाखत नोंदवताना बोलणाऱ्याचे शब्द बदलल्यास पुरावा बदलतो. अशा वेळी मूळ शब्द ठेवून पुढे तटस्थ स्पष्टीकरण देण्याची पद्धत आहे.
* '''पारिभाषिक शब्द :''' उचल, कोयता, खाडा यांसारखे व्यवसायातील शब्द हे अलंकार नसून संज्ञा आहेत. त्यांना इंग्रजीतील घरगुती वाक्प्रचार जोडणे टाळले जाते; शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात अर्थ दिला जातो.
* '''कर्ता :''' तटस्थ रूप निवडताना मूळ वाक्यातील कर्ता गळणार नाही, हे पाहिले जाते.

## शिक्षणात

महाराष्ट्रातील शालेय मराठीत वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करण्याचा प्रश्न पूर्वापार चालत आला आहे. स्पर्धा परीक्षांच्या मराठी व इंग्रजी प्रश्नपत्रिकांतही वाक्प्रचारांवर प्रश्न असतात. त्यामुळे वाक्प्रचारांचा साठा वाढतो. परंतु तो कोठे वापरू नये, याचा सराव तुलनेने कमी होतो. परिणामी विद्यार्थी इंग्रजीत अर्ज किंवा अहवाल लिहिताना पाठ केलेले वाक्प्रचार योजतात. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांना ती ऐकण्याची संधी वर्गाबाहेर फारशी मिळत नाही. एखादे जोडक्रियापद मित्रांच्या गप्पांतले आहे की कार्यालयीन, हे पुस्तकातील अर्थावरून समजत नाही. ते वापरातूनच कळते. म्हणून अनोळखी इंग्रजी शब्दप्रयोगांबाबत प्रथम तटस्थ क्रियापद शिकावे आणि वाक्प्रचार ओळखता यावा, असा क्रम अनेक शिक्षक सुचवतात.

मातृभाषेतील जोड्या हा त्यासाठी जवळचा मार्ग आहे. 'तोडीला जाणे' आणि 'हंगामी स्थलांतर करणे' यांतील अंतर बीडमधील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन' यांतील अंतर त्याच जातीचे आहे.

## हे सुद्धा पहा

* वाक्प्रचार
* मराठवाडी बोली
* दासोपंत
* ऊसतोड कामगार
* बीड जिल्हा
* भाषांतर